कॉटन, एलिझाबेथ

कॉटन, एलिझाबेथ : (५ जानेवारी १८९३ – २९ जून १९८७). अमेरिकन लोकसंगीत व ब्लूज या क्षेत्रांतील गिटारवादक, गायिका व गीतकार. ‘लिबा कॉटन’ या नावानेही ती परिचित आहे. उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार उलटी धरून डाव्या हाताने छेडण्याची तिची पद्धती स्वतंत्र असून ती ‘कॉटन पिकिंग’ या नावाने ओळखली जाते. तिचे आडनाव आणि कापसाचा वाचक इंग्रजी शब्द यांच्या उच्चारसाम्यावर हे नाव बेतलेले आहे. तिने बालवयात रचलेले ‘फ्रेट ट्रेन’ (मालगाडी) हे गीत १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच्या कर्त्रीचे नाव बराच काळ श्रोत्यांना ठाऊक नव्हते. लोकसंगीतात कर्तृत्व कसे झाकले जाते आणि ते पुन्हा कसे प्रकाशात येते, हे समजून घेण्याच्या दृष्टीनेही तिचे चरित्र महत्त्वाचे आहे.

बालपण व संगीताची ओळख : एलिझाबेथचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपेल हिल या गावालगतच्या वस्तीत झाला. ही वस्ती पुढे कारबरो या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे जन्मवर्ष काही ठिकाणी १८९५ असेही दिलेले आढळते. माहेरचे आडनाव नेव्हिल. कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबातील पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी होती. दक्षिणेकडील राज्यांतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपुष्टात आली होती. तथापि वंशभेदावर आधारलेले विभक्तीकरणाचे कायदे नेमके तिच्या बालपणीच दृढमूल होत होते. कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या कुटुंबांतील घरकामाखेरीज चरितार्थाचे दुसरे साधन क्वचितच उपलब्ध असे. घरी तिला धाकटी बहीण या अर्थाच्या लाडक्या नावाने हाक मारीत. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेने नाव विचारले असता तिने स्वतःच ‘एलिझाबेथ’ हे नाव सांगितले व तेच पुढे कायम झाले.

थोरल्या भावाकडे बँजो हे तंतुवाद्य होते. भाऊ कामावर गेला, की वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी ती ते चोरून वाजवू लागली. तिला शिक्षक नव्हता आणि स्वरलिपीचे ज्ञानही नव्हते. ऐकलेली चाल मनात घोळवावयाची व ती तारांवर सापडेपर्यंत बोटांनी शोधावयाची, हीच तिची अध्ययनपद्धती होती. पुढे स्वतःचे वाद्य हवे म्हणून तिने बालवयातच शाळा सोडून घरकाम पतकरले. महिन्याकाठी जेमतेम एक डॉलर मिळणाऱ्या वेतनातून पैसे साठवून तिने ‘स्टेला’ बनावटीची गिटार पावणेचार डॉलरना विकत घेतली. तिच्या तीन-चार महिन्यांच्या श्रमाचे हे मोल होते.

वादनतंत्र : एलिझाबेथ डावखुरी होती. गिटारच्या सहा तारांपैकी जाड, खर्जाच्या तारा वादकाच्या चेहऱ्याकडील बाजूस व बारीक, उंच स्वरांच्या तारा जमिनीकडील बाजूस येतात. डावखुरे वादक सामान्यतः तारांचा क्रम उलटा करून घेतात. भावाच्या वाद्यात असा बदल करणे एलिझाबेथला शक्य नव्हते. शिवाय पाच तारांच्या बँजोची आखूड पाचवी तार वाद्याच्या एकाच बाजूस असल्याने तो उलटविणे गैरसोयीचे असते. म्हणून तिने तारा होत्या तशाच ठेवून सबंध वाद्यच उलटे धरले. स्वतःची गिटार घेतल्यानंतरही हीच सवय कायम राहिली.

या उलट्या धरणीचे परिणाम मूलगामी होते. प्रचलित बोटवादनात उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या दोन तारा आलटूनपालटून छेडून ठेका राखतो आणि तर्जनी व मध्यमा बारीक तारांवर मुख्य चाल वाजवितात. कॉटनच्या वादनात ही श्रमविभागणी नेमकी उलट झाली. खर्जाच्या तारा खाली आल्यामुळे ठेका तर्जनीकडे गेला व चाल अंगठ्याकडे आली. अंगठा हे हाताचे सर्वांत बळकट बोट होय. त्यामुळे तिच्या वादनात चालीचा प्रत्येक स्वर ठसठशीत व गोलाईदार उमटतो, तर तर्जनीने छेडलेला खर्ज हलका, उसळता व एकसारखा राहतो. पडद्यांवर बोटे ठेवून स्वरसंघात साधण्याच्या रूढ रीतीही तिच्या उपयोगाच्या नव्हत्या. प्रत्येक स्वरसंघातासाठी बोटांची नवी ठेवण तिला स्वतःच शोधावी लागली. परिणामी तिचे वादन पाहून कोणाला त्याचे सरळ अनुकरण करता येत नसे. आज असंख्य गिटारवादक तिच्या रचना वाजवितात. परंतु बहुतेक जण त्या रूढ पद्धतीस अनुकूल करून घेतात.

पीडमाँट परंपरेतील स्थान : ॲपालॅचिअन पर्वत आणि अटलांटिक किनारपट्टीचे मैदान यांच्या दरम्यानच्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यास पीडमाँट म्हणतात. या प्रदेशातील कृष्णवर्णीय गिटारवादनाची धाटणी पीडमाँट ब्लूज या नावाने ओळखली जाते. मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातील ब्लूज जड ठेक्याचा व आर्त आहे. बाटलीच्या काचेचा तुकडा किंवा धातूची नळी तारांवरून सरकवून तेथे स्वर ओढले जातात. याउलट पीडमाँट धाटणी हलकी, नृत्यानुकूल व सुट्या स्वरांची आहे. तिच्यावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोकप्रिय असलेल्या रॅगटाइम या पियानोसंगीताचा प्रभाव आहे. पियानोवादकाचा डावा हात ठेका धरतो व उजवा हात त्याला छेद देणारी चाल वाजवितो. हे दोन्ही व्यवहार एकाच गिटारवर एका हाताच्या बोटांनी साधावयाचे, हे या शैलीचे मर्म होय. ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड बॉय फुलर, रेव्हरंड गॅरी डेव्हिस हे तिचे ख्यातनाम प्रतिनिधी.

यांपैकी फुलरने चॅपेल हिलच्या शेजारच्या डरॅम शहरात तंबाखूच्या वखारींबाहेर वादन केले आणि १९३५ ते १९४० या काळात त्याच्या अनेक ध्वनिमुद्रिका निघाल्या. रस्ता, बाजार, वखार ही पुरुष वादकांची व्यासपीठे होती आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचे प्रतिनिधी वादकांचा शोध तेथेच घेत. मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ (१९२०) या ध्वनिमुद्रिकेच्या यशानंतर ब्लूज गायिकांना मोठी मागणी आली. पण त्या मुख्यतः रंगभूमीवर वाद्यवृंदाच्या साथीने गाणाऱ्या होत्या. घरात, ओसरीवर किंवा कामातून मिळालेल्या फुरसतीत गिटार वाजविणाऱ्या स्त्रिया या दोन्ही वर्तुळांबाहेर राहिल्या. नॉर्थ कॅरोलायनामधीलच एटा बेकर (१९१३–२००६) हिचे वादन १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनातून प्रथम लोकांपर्यंत पोहोचले, तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. यावरून कॉटनची उपेक्षा हा केवळ वैयक्तिक दुर्दैवाचा भाग नव्हता, हे ध्यानात येते.

रचना : कॉटनच्या संग्रहात ब्लूजबरोबरच नृत्याच्या चाली, रॅग, धार्मिक गीते व जुनी बैठकीची गिटारवादने आढळतात. ‘फ्रेट ट्रेन’ हे तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचले. घराजवळून जाणाऱ्या लोहमार्गावरील गाड्यांचा आवाज हे त्याचे निमित्त होय. मृत्यूनंतरही गाडी ऐकू यावी अशा जागी आपल्याला पुरावे, अशी इच्छा गीतातील निवेदक व्यक्त करतो. आशय इतका गंभीर असूनही चाल प्रसन्न व खेळकर आहे. गाडीच्या चाकांची लय तर्जनीच्या संथ ठेक्यातून सतत जाणवते. बारा मात्राखंडांचा रूढ ब्लूज-आकृतिबंध या गीतात नाही. ‘ओ बेब, इट एन्ट नो लाय’ या गीताचे मूळ शेजारच्या एका स्त्रीने तिच्याविषयी सांगितलेल्या खोट्या गोष्टीत आहे. ‘विल्सन रॅग’ व ‘वॉशिंग्टन ब्लूज’ ही तिची अन्य प्रसिद्ध वादने.

‘व्हॅस्टापोल’ व ‘स्पॅनिश फ्लँग डँग’ या वादनांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. क्रिमियन युद्धातील सेव्हॅस्टोपोलच्या वेढ्यावरून नाव घेतलेली एक वर्णनात्मक गिटाररचना व ‘स्पॅनिश फँडँगो’ या हेन्री वॉरॉल या अमेरिकन संगीतकाराच्या कृती एकोणिसाव्या शतकात मुद्रित स्वरूपात घरोघरी पोहोचल्या होत्या. त्यांसाठी गिटारच्या तारा एका स्वरसंघातात जुळवून घ्याव्या लागत. पहिल्या रचनेसाठी हे स्वर डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी असे असत. छापील स्वरलिपीतून निघालेल्या या रचना कृष्णवर्णीय व गौरवर्णीय लोकवादकांच्या श्रवणपरंपरेत शिरल्या, त्यांची नावे अपभ्रंश पावली व रूपेही पालटली. कॉटनने त्या ऐकूनच आत्मसात केल्या. लोकसंगीत हे शुद्ध, अलिप्त व अनादी असते ही समजूत किती अपुरी आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

संसार व संगीतविराम : १९१० मध्ये तिचा विवाह फ्रँक कॉटन याच्याशी झाला. त्यांना लिली ही एकच मुलगी. सुमारे त्याच वेळी ती चर्चच्या कार्यात अधिक सहभागी झाली. ऐहिक गाणी धर्मनिष्ठ स्त्रीला शोभत नाहीत, असे तेथील ज्येष्ठांनी सांगितल्यावरून तिने गिटार बव्हंशी बाजूला ठेवली. ब्लूज व नृत्यसंगीत यांविषयी अशी धारणा त्या काळच्या कृष्णवर्णीय धर्मसमाजांत सार्वत्रिक होती. संसार, अपत्यसंगोपन व घरकामाची नोकरी यांतून वेळही उरत नसे. क्वचित चर्चमध्ये केलेले वादन सोडल्यास तिचे संगीत जवळजवळ चार दशके थांबले. मुलीच्या विवाहानंतर तिने पतीशी घटस्फोट घेतला व ती मुलीकडे वॉशिंग्टन, डी. सी. येथे राहावयास गेली.

सीगर कुटुंबाशी संबंध : वॉशिंग्टनमध्ये लॅन्सबर्ग या बहुविभागी दुकानात ती काम करीत असताना आईपासून चुकलेली एक लहान मुलगी तिला आढळली. तिने मुलीला आईच्या स्वाधीन केले. ही आई म्हणजे आधुनिक संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर (१९०१–५३) आणि मुलगी म्हणजे पुढे गायिका म्हणून प्रसिद्धीस आलेली पेगी सीगर. या ओळखीतून रूथने तिला आपल्या घरी कामावर घेतले. ‘लिबा’ हे नाव तिला याच घरातील मुलांकडून मिळाले.

हे घर सामान्य नव्हते. कुटुंबप्रमुख चार्ल्स सीगर (१८८६–१९७९) हा अग्रगण्य संगीतशास्त्रज्ञ होता. रूथने जॉन व ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी जमविलेल्या लोकगीतांचे अवर सिंगिंग कंट्री (१९४१) या ग्रंथासाठी स्वरलेखन केले होते. मुलांसाठी लोकगीतांचे संकलनही तिने १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील लोकगीतसंग्रहातील ध्वनिमुद्रणे या घरात वारंवार ऐकली जात. दूरदूरच्या खेड्यांतून, शेतमळ्यांतून व तुरुंगांतून गोळा केलेली गाणी ज्या घरात अभ्यासिली जात होती, त्याच घराच्या स्वयंपाकघरात त्या परंपरेची एक समर्थ कलावती काम करीत होती आणि तिच्या कलेची कोणालाच कल्पना नव्हती. काही वर्षांनी पेगीने तिला भिंतीवर टांगलेली घरची गिटार घेऊन वाजविताना पाहिले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. एवढ्या खंडानंतरही बालपणीच्या बहुतेक रचना तिला आठवत होत्या.

सीगर कुटुंबाने कॉटनला ‘शोधून काढले’ असे म्हणण्याची प्रथा आहे. तीत तथ्य असले, तरी ती अर्धीच हकिगत होय. तिची शैली व तिचे सर्वांत प्रसिद्ध गीत ही त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे सिद्ध झालेली होती. उणीव होती ती ऐकणाऱ्याची व फुरसतीची. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या हातातील कौशल्याविषयी विचारणा करण्याची आवश्यकता संगीताच्या जाणकार घरालाही प्रथम भासली नाही, हे या घटनेतील लक्षणीय सत्य आहे.

‘फ्रेट ट्रेन’चे कर्तृत्व : पेगी सीगर इंग्लंडमध्ये गेली, तेव्हा तिने ‘फ्रेट ट्रेन’ तेथे गाऊन दाखविले. त्या वेळी इंग्लंडमध्ये गिटार, घरगुती वाद्ये व अमेरिकन लोकगीते यांवर आधारलेल्या स्किफल या संगीताची लाट होती. १९५७ मध्ये चास मॅकडेविट याच्या संचाने नॅन्सी व्हिस्की या गायिकेसह या गीताची ध्वनिमुद्रिका काढली. ती ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचली. गीताचे स्वामित्व मात्र पॉल जेम्स व फ्रेड विल्यम्स या नावांनी नोंदविले गेले होते. मूळ रचनाकर्त्री त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये घरकाम करीत होती.

सीगर कुटुंबाच्या पाठपुराव्यामुळे पुढे तडजोड होऊन कॉटनचे कर्तृत्व मान्य करण्यात आले; तरीही अनेक ध्वनिमुद्रिकांवर नंतरही त्याच दोन नावांचा उल्लेख होत राहिला. हा प्रकार अपवादात्मक नव्हता. लोकगीत म्हणजे अज्ञात कर्त्याची, सर्वांच्या मालकीची वस्तू, असे गृहीत धरले जाई. त्यामुळे मौखिक परंपरेतून आलेल्या गीतावर जो प्रथम नोंदणी करील तो कायद्याच्या दृष्टीने त्याचा धनी ठरे. स्वरलिपी न जाणणाऱ्या व प्रकाशनव्यवहारापासून दूर असलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांना याची झळ विशेष बसली. ‘फ्रेट ट्रेन’ची चाल जुन्या धाटणीची असली, तरी तिची रचना एका विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट गावी, विशिष्ट वयात केलेली होती. परंपरेत वाढलेली कृती ही कर्त्याविना निर्माण झालेली नसते, हा धडा या प्रकरणाने संग्राहकांना व प्रकाशकांना दिला.

ध्वनिमुद्रणे व जाहीर कार्यक्रम : रूथचा मुलगा माइक सीगर (१९३३–२००९) याने कॉटनच्या राहत्या घरी तिचे वादन ध्वनिफितीवर मुद्रित केले. त्यातून फोकसाँग्ज अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार ही तिची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका फोकवेज या संस्थेने १९५८ मध्ये प्रकाशित केली. त्या वेळी तिचे वय पासष्ट होते. १९६० च्या सुमारास तिने माइकसह आपला पहिला मोठा जाहीर कार्यक्रम स्वार्थमोर महाविद्यालयात केला. लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची चळवळ तेव्हा भरात होती. न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवासह अनेक व्यासपीठांवर तिला निमंत्रणे येऊ लागली. तथापि घरकामाची नोकरी तिला त्यानंतरही काही वर्षे करावी लागली.

शेक शुगरी (१९६७) व व्हेन आय अ‍ॅम गॉन (१९७९) या तिच्या पुढील ध्वनिमुद्रिका. ‘शेक शुगरी’ या शीर्षकगीताची कडवी रचण्यात तिच्या पणतवंडांचा सहभाग असून ध्वनिमुद्रणात ते तिच्या पणतीने गायिले आहे. घरातील मुलांसह गाणे रचण्याची ही रीत तिच्या संगीताच्या कौटुंबिक मुळांशी सुसंगत होती. मंचावरही ती बालपणीच्या आठवणी सांगत, श्रोत्यांना आपल्याबरोबर गावयास लावीत असे. १९७८ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे स्थायिक झाली. संगीतातून मिळालेल्या उत्पन्नाने तिला तेथे कुटुंबासाठी स्वतःचे घर घेता आले.

मानसन्मान : नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्‌स या राष्ट्रीय संस्थेची पारंपरिक कलावंतांसाठी असलेली हेरिटेज अधिछात्रवृत्ती तिला १९८४ मध्ये मिळाली. एलिझाबेथ कॉटन लाइव्ह! या ध्वनिमुद्रिकेस लोकसंगीत विभागातील ग्रॅमी पारितोषिक १९८५ मध्ये देण्यात आले; तेव्हा ती ब्याण्णव वर्षांची होती. सिरॅक्यूज येथे तिचे निधन झाले. २०२२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने आद्य प्रभावांच्या वर्गात तिचा समावेश केला. कारबरो येथे लोहमार्गालगतच्या सायकलमार्गास तिचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन : पीटर, पॉल अँड मेरी, ग्रेटफुल डेड इत्यादी संचांनी तिची गीते गायिली आणि बोटांनी गिटार वाजवू पाहणाऱ्या नवशिक्यांच्या पाठांत ‘फ्रेट ट्रेन’ला कायमचे स्थान मिळाले. या सोपेपणामुळे तिच्या कलेचे मोल कधीकधी कमी लेखले जाते. वस्तुतः तिच्या वादनात दिखाऊ वेग नाही. दोन स्वतंत्र स्वररेषा परस्परांना न झाकता नांदविण्याची कुवत, लयीचा अढळ तोल व स्वरांची काटकसर ही तिची वैशिष्ट्ये होत. तिच्या थकलेल्या, किंचित कापऱ्या आवाजातही हाच संयम प्रत्ययास येतो.

अभाव, सवय व चिकाटी यांतून उपजलेल्या एका अडचणीचे रूपांतर तिने स्वयंपूर्ण शैलीत केले. तिची कीर्ती विलंबाने झाली, कारण तिचे आयुष्य ज्या जागी व्यतीत झाले तेथे कलेचा शोध घेण्याची रीत नव्हती. तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपूर्वीची चार दशके ध्वनिरूपाने उपलब्ध नाहीत. त्या काळात तिने रचले असते असे संगीत कायमचे अप्राप्य झाले आहे. उपेक्षित कलावंतांच्या अभ्यासात उशिरा लाभलेल्या सन्मानाबरोबर या हानीचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.